हायडेलबर्गहून मोज्यांवर

र्युसेल्सहाइम,
१९ ऑक्टोबर २००७

प्रिय यशोधन,

काल संध्याकाळी जिन्यात तू मला थांबवून जे सांगितलंस ते ऐकून मी नुसती मान हलवली आणि वर निघून गेले. तुला वाटलं असेल, मावशीला पटलं. पटलंबिटलं काही नाही. हातात भाजीची पिशवी होती, गुडघा ठणकत होता, आणि बोलायला लागले असते तर मधेच धागा सुटला असता. लिहिताना तसं होत नाही. मागचं वाक्य डोळ्यासमोर असतं, ते वाचून पुढचं लिहिता येतं. म्हणून हे पत्र. एकाच इमारतीत राहून मावशी पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. खाली तुमच्या ब्रीफकास्टनमध्ये मी स्वतःच्या हाताने टाकणार आहे. टपाल तूच काढतोस, मला माहीत आहे.

तुझं म्हणणं असं की आईचं डोकं आता पहिल्यासारखं चालत नाही. रविवारी हायडेलबर्गहून ती बुटांशिवाय आली, वाटेत भलत्याच स्टेशनवर उतरली, आणि बूट कुठे गेले विचारलं तर धड उत्तरही देत नाही. म्हणून तिचं दिवाळीआधीचं परतीचं तिकीट तू रद्द करणार, जुळे सोलापूरचं घर बंद करणार, आणि व्हिसा संपेल तेव्हा तिला पुण्याला, ऊर्मिलाच्या माहेराजवळच्या त्या देखभाल केंद्रात ठेवणार. खोली हवेशीर आहे म्हणालास. अरे पण तिला विचारलंस का? उभा जन्म सोलापुरात काढलेल्या बाईचं घर तू जिन्यात उभ्या उभ्या बंद करून टाकलंस. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

आधी त्या शेगडीचं बोलते, कारण तिचंही नाव तू घेतलंस. आई शेगडी चालू ठेवून फिरायला गेल्या, असं ऊर्मिलाने तुला सांगितलं. अरे बाबा, तुमची ती काचेची शेगडी बंद केली तरी तिचा लाल दिवा पुढे किती तरी वेळ जळत राहतो, काच अजून गरम आहे एवढंच सांगायला. आमच्याकडेही तीच आहे. आल्या आल्या माझ्या सुनेने, शुभाने, मलाही असंच धरलं होतं, मग माझ्या उल्हासने आम्हा दोघींना समोर उभं करून समजावलं. तू गाड्यांची इंजिनं बनवतोस ना रे? मग घरातल्या एका दिव्याचा अर्थ बायकोला सांगायला काय झालं होतं? ऊर्मिलावर माझा राग नाही. पोरगी नोकरी करून घर सांभाळते, तिला कुठे सगळीकडे बघायला वेळ. राग तुझ्यावर आहे.

तुझ्यावर रागवायचा मला हक्क आहे, तो तुला वेगळा सांगायला नको. तुझी आई आणि मी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकाच दिवशी लागलो आणि निवृत्त होईपर्यंत शेजारी शेजारी बसलो. तिची ड्यूटी असली की तू माझ्याकडे जेवायचास, माझी असली की उल्हास तुमच्याकडे. तुला कारल्याची भाजी खायला मी शिकवलं, आणि ती खाल्ल्यावर तू माझ्याच अंगावर ओकलास. असो. सांगायचं ते हे, की ट्रंक बोर्डावर कुंदासारखी दुसरी बाई मी पाहिली नाही. गिरण्यांचे, दवाखान्यांचे, चादरीच्या व्यापाऱ्यांचे नंबर तिला तोंडपाठ. लोक नंबर सांगायचेच नाहीत. ते म्हणायचे, ताई, आमच्या बार्शीच्या पाहुण्यांना लावा, आणि ही लावायची. आणि दुसरी गोष्ट. लाइनवर ऐकलेलं लाइनवरच सोडायचं, ही आम्हाला पहिल्या दिवशी मिळालेली तंबी. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा धंदा बसला, सगळं आम्हाला आधी कळायचं. माझ्या तोंडून कधीमधी निसटायचं, खोटं कशाला बोलू. तिच्या तोंडून एवढंसुद्धा नाही. तुझे बाबा चिडवून चिडवून थकले, त्यांनाही तिने कधी काही सांगितलं नाही. ती उत्तर देत नाही म्हणजे तिला आठवत नाही, असा अर्थ तू लावलास. माझ्या मते तू तिथेच चुकलास.

हायडेलबर्गची कल्पना तिचीच. तुम्ही नवराबायको लेकीला, इराला घेऊन तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाणार होतात, उल्हासचं ऑफिसचं काम घरी आलं होतं. कुंदा म्हणाली, माले, इथे आल्यापासून आपण मुलांच्या मागून चालतोय, एक दिवस आपल्या आपण चालू. फ्रँकफर्टला कोणत्या ग्लाइसवर, म्हणजे प्लॅटफॉर्मवर, गाडी बदलायची ते तू तिला कागदावर लिहून दिलंस. तिने तो एकदा वाचला, घडी घालून पर्समध्ये टाकला आणि दिवसभरात परत बाहेर काढला नाही. डार्मश्टाट, बेन्सहाइम, वाइनहाइम, पुढे हायडेलबर्ग, असं तिने मला गाडीत बसल्या बसल्या म्हणून दाखवलं, जसं पूर्वी कुर्डूवाडी, बार्शी, लातूर म्हणायची. समोर एक जर्मन आजोबा बसले होते. ‘या’ म्हणजे हो आणि ‘गेनाऊ’ म्हणजे अगदी बरोबर, इराकडून शिकलेल्या एवढ्या दोन शब्दांवर तुझ्या आईने त्यांच्याशी डार्मश्टाटपर्यंत गप्पा मारल्या. त्यांनी तिला आपल्या कुत्र्याचे फोटो दाखवले, तिने इराचे. उतरताना त्यांनी टोपी काढून नमस्कार केला. मला यातलं काही जमलं नसतं.

गाव सुंदर आहे रे. तुम्ही लोक तिथे जाऊन आलेले असता, आम्हाला म्हणता, काही नाही गं, जुना किल्ला आहे. डोंगरावर चढणाऱ्या त्या दोराच्या गाडीने वर गेलो. लाल दगडाचा केवढा मोठा किल्ला, आणि अर्धा पडलेला. पडलेला भाग तसाच ठेवलाय, कोणी डागडुजी करून नवा केला नाही, ते मला आवडलं. तळघरात दारूचं एक पिंप आहे, चांगलं दुमजली घराएवढं. लोक त्याच्यावर चढून फोटो काढत होते. पूर्वी गावच्या शेतकऱ्यांकडून कराची वाइन गोळा करून त्यात ओतायचे म्हणे. कुंदा त्याच्याभोवती फिरून आली आणि म्हणाली, हे आपल्या सोसायटीच्या गच्चीवर बसवलं तर नळाला चार दिवस पाणी आलं नाही तरी कोणी भांडणार नाही. मी हसून हसून खोकले. जुळे सोलापुरात पाण्याचा दिवस कोणता आणि आता टाकीची किल्ली कोणाकडे आहे, ते तिने तिथे, त्या पिंपापुढे उभं राहून मला सांगितलं. डोकं न चालणाऱ्या बाईला हे सांगता येतं का, तूच बघ.

तिथून मी बाथरूमला गेले आणि बाहेर येताना जरा भलतीकडे वळले. एका मोठ्या सज्ज्यावर पोचले. खाली सगळं गाव, लाल कौलं, नदी, तिच्यावरचा जुना पूल. मी बघत उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे. कुंदा धापा टाकत आली, माझा दंड धरला, आणि दृश्य छान आहे हं, एवढंच म्हणाली. तेव्हापासून तिने माझा दंड सोडला नाही. मला वाटलं, उतार आहे म्हणून धरलंय.

खाली उतरून बाजारचौकातल्या मोठ्या चर्चपाशी आलो. चर्चच्या भिंतीला टेकून बाहेरच्या बाजूने छोटी छोटी दुकानं आहेत, आपल्याकडे देवळाबाहेर असतात तशीच. नारळ-फुलांऐवजी पोस्टकार्डं आणि बियरचे मग, एवढाच फरक. ते बघून माझा हात आपोआप बुटाच्या नाडीकडे गेला. कुंदा म्हणाली, अगं, इथे काढत नाहीत, बघ सगळे तसेच आत जातायत. मी म्हटलं, जाऊ देत. देवाचं घर ते देवाचं घर, आपण का रीत सोडायची? मी बूट काढले आणि दाराशेजारच्या ओट्यावर जोडीने नीट ठेवले. मग तिनेही काढले. पण तुळजापूरला एकदा नव्या चपला गेल्यापासून ती हुशार झाली आहे. पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली, बूट त्यात घातले आणि पिशवी काखेत धरून आत आली. आत गार होतं, शांत होतं. आम्ही बाकावर बसलो. कोणीतरी वर ऑर्गन वाजवून बघत होतं, एकच ओळ पुन्हा पुन्हा. बरं वाटलं.

बाहेर आलो तेव्हा ओट्यावर बूट नव्हते. माझे बूट. हो, नीट वाच. त्या दिवशी हायडेलबर्गला बूट गेले ते माझे, तुझ्या आईचे नाही.

ते कुठे गेले ते आम्हाला जरा वेळाने कळलं. पोस्टकार्डवाल्या बाईने मोडक्या इंग्रजीत आणि हातवारे करून सांगितलं. इथे माणसं नको असलेल्या वस्तू दाराबाहेर नीट मांडून ठेवतात, ज्याला हवं त्याने न्यावं. आपल्या इमारतीखालीसुद्धा कोणी दिवा ठेवतं, कोणी पुस्तकं ठेवतं, इराची ती तीनचाकी सायकल तू अशीच उचलून आणली होतीस ना? तसंच झालं. इतके चांगले बूट, इतके नीट जोडीने ठेवलेले. एक कॉलेजची मुलगी आली, पायात घालून बघितले, दुकानवालीला विचारलं, आणि खुशीत घेऊन गेली. तिची काय चूक? दुकानवाली बिचारी ओशाळली, मला खुर्ची द्यायला लागली. इथपर्यंत असतं तर आपण सगळे हसलो असतो. मी स्वतः तुम्हाला रंगवून सांगितलं असतं.

पण त्या बाईने सांगायच्या आधी जे झालं ते असं. बाहेर आल्यावर कुंदाने पिशवीतून तिचे बूट काढले. तुला आठवत असेल, आम्ही आलो तेव्हा तू आणि उल्हास, दोघांनी एकाच दुकानातून, एकाच रंगाचे, एकाच मापाचे बूट आम्हाला आणले होते. ते तिच्या हातात बघून मी म्हणाले, माझे बूट तुझ्याकडे कसे? ती म्हणाली, माले, हे माझे. तुझे तू ओट्यावर ठेवलेस. यशोधन, मला ओटा आठवेना. बूट काढल्याचं आठवेना. आपण आत्ता कुठून बाहेर आलो तेही क्षणभर आठवेना. मला एवढंच दिसत होतं की माझ्या पायात मोजे आहेत आणि माझे बूट हिच्या हातात आहेत. मी तिच्यावर ओरडले. भर चौकात, एवढ्या माणसांत. तू माझे बूट लपवलेस, तू पहिल्यापासून अशीच आहेस, तुला माझं काही चांगलं बघवत नाही, असं काहीबाही बोलले. लोक थांबून बघायला लागले.  तुझ्या आईने मला तिथल्या पायरीवर बसवलं, खाली उकिडवी बसली, तिचे बूट माझ्या पायात घातले आणि नाड्या बांधल्या. घट्ट नाही ना गं, असं विचारलं. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत ते तुला माहीत आहे.

मग पोस्टकार्डवाली आली, तिने सांगितलं, आणि हळूहळू मला सगळं परत आठवलं. ओटा, ऑर्गन, सगळं. मला तोंड कुठे लपवू असं झालं. मी नाड्या सोडायला लागले तर तुझ्या आईने माझा हात धरला. म्हणाली, तुला साखर आहे, मागच्या वर्षी पायाची जखम भरायला किती महिने लागले ते मी बघितलंय, दगडावर तू चालायचं नाहीस. रविवार, बुटांची सगळी दुकानं बंद. आठवणवस्तूंचं एक दुकान उघडं होतं, तिथून तिने स्वतःसाठी लोकरीचे जाड मोजे घेतले, त्यावर तो किल्ला विणलेला. आधी तिचे मोजे, त्यावर प्लास्टिकची पिशवी दोन तुकडे करून, आणि त्यावर किल्ला. पाऊल टाकलं की चुरचुर वाजायचं. मी रडत होते आणि ती हसत होती. म्हणाली, रस्त्यावर माणसं मागे वळून बघतायत, आपल्याला या वयात कोण बघतं एरवी?

चर्चच्या मागेच तो जुना पूल. पुलाच्या तोंडाशी पितळेचं एक माकड बसवलंय, लोक रांगेत उभे राहून त्याच्या हाताची बोटं चोळतात. बोटं चोळली की माणूस हायडेलबर्गला परत येतो म्हणे. मी म्हटलं, चोळ की गं. ती म्हणाली, मला नाही बाई परत यायचं, मला सोलापूरला जायचंय. आकाशकंदील माळ्यावर आहे, तो काढायला मी वॉचमनला आधीच सांगून आलेय. हे तिने हसत म्हटलं, पण तिचा चेहरा मी बघितला. मुलाकडे सगळं छान आहे रे तिला. नातीवर जीव आहे, नात जर्मनमध्ये बोलते आणि ही मराठीत, आणि दोघींचं उत्तम चालतं. पण घर ते घर. तिला सकाळी स्वतःच्या गॅलरीत स्वतःचा चहा प्यायचाय, पाणी आलं की खालून ओरडून सगळ्यांना सांगायचंय. एवढंच मागतेय ती.

नदीकाठच्या बाकावर बसून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. तिथे मी तिला विचारलं, कुंदे, हे पहिल्यांदा नाही ना? ती भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, नाही. वर्षभर झालं. सोलापूरला असताना मी तिला फोन करून एकच गोष्ट सांगायचे, आणि जेवून पुन्हा फोन करून तीच सांगायचे. ती प्रत्येक वेळी नव्याने ऐकायची. विमानाचं तिकीट तिने माझ्याच दिवशीचं, माझ्याच शेजारचं का मागून घेतलं ते मला तिथे कळलं. तुला वाटतं ती नातीसाठी आली. नातीसाठी आलीच, पण मी विमानतळावर एकटी हरवू नये म्हणूनही आली. मी घाबरले. खरं सांगते, आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते, माझा नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. मी तिचा हात धरून म्हटलं, उल्हासला सांगू नकोस. तो मला परत एकटीला राहू देणार नाही. ती म्हणाली, नाही सांगणार. कोणालाच नाही सांगणार. मग तिने उरलेली चटणी पुडीत बांधली आणि आम्ही स्टेशनकडे निघालो.

बेन्सहाइमला उतरले तीही मीच. गाडी थांबली, मला वाटलं आपलं स्टेशन आलं, उठले आणि उतरून चालायला लागले. कुंदा पिशव्या गोळा करत होती. ती ओरडली, मी ऐकलं नाही. तशीच त्या मोज्यांवर माझ्यामागे धावत उतरली आणि मागे दार बंद झालं. पुढच्या गाडीची वाट बघत प्लॅटफॉर्मवर बसलो होतो तेव्हा तुझा फोन आला. तिने मोबाइल कानाला लावला आणि शांतपणे म्हणाली, अरे, माझं लक्ष नव्हतं, मी चुकून उतरले, मालिनीपण माझ्यामागून आली. मी तिच्या शेजारी बसून ऐकत होते. तू तिला काय बोललास ते मला ऐकू आलं नाही. तिने फोन ठेवला आणि चहा मिळतो का बघायला गेली.

र्युसेल्सहाइमला तू आम्हाला घ्यायला आला होतास. तू तिच्या पायांकडे बघितलंस आणि कपाळाला हात लावलास. मी तिच्या बाजूला तिचेच बूट घालून उभी होते. आणि तू मला म्हणालास, मावशी, तू होतीस म्हणून बरं झालं. तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. घरी आले, बूट कपाटात ठेवले आणि झोपून गेले. मला वाटलं, दोन दिवसांत तुझा राग जाईल, विषय मिटेल. तुझ्या आईलाही तसंच वाटलं. बुधवारी मी तिला म्हटलं की आता सांगून टाकते, तर म्हणाली, कशाला, त्याला काय, तो आपोआप शांत होईल. तिला हे माहीत नाही की तू खोली बघून ठेवली आहेस. मलाही काल जिन्यात कळलं.

काल जेवणावरून उठून मी उल्हासला सगळं सांगितलं. पहिल्यांदा त्याचा विश्वास बसेना, मग तो माझा हात धरून बसला. शुभा रडली. आज सकाळीच त्याने डॉक्टरांचा टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, मागितलाय. माझं पुढे काय करायचं ते तो आणि मी बघू. त्याची काळजी तू करू नकोस, आणि माझ्याशी आजारी माणसाशी बोलतात तसं बोलू नकोस, मला ते खपणार नाही. तुझं काम एवढंच की कुंदाचं तिकीट आहे तसं राहू दे. हे पत्र खाली टाकलं की तिचे बूट तुमच्या दाराशी आणून ठेवते. पिशवीत घालून, वर तिचं नाव लिहून. उगाच शेजाऱ्यांनी नेले तर पंचाईत.

आता तू म्हणशील, मावशी, हे सगळं आजच आणि लिहूनच का? त्या रविवारी तिथे आम्ही दोघीच होतो. त्यातली एक कधीच काही सांगणार नाही. दिलेला शब्द मोडण्यापेक्षा ती गुमान पुण्याच्या त्या खोलीत जाऊन राहील, तुला दोष न देता. उरले मी. आणि माझं असं आहे की काल दुपारी मला तुझ्या मुलीचं नाव आठवत नव्हतं. तासभर मी तिला नुसतं बाळ म्हणत होते आणि ती हसत होती. आज सकाळी मात्र सगळं लख्ख आहे, म्हणून चहा झाल्या झाल्या लिहायला बसले. पुढे तू मला जिन्यात थांबवून यातलं काही विचारलंस आणि मी म्हणाले, कसलं हायडेलबर्ग, मी तर कधी गेलेच नाही, तर माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. या कागदावर ठेव.

तुझीच,
मालिनीमावशी